दाजीकाकाचा कौल

“काय करतंस गो थंय उन्हात?”

पडवीतून सरूकाकीचा आवाज आला तेव्हा माझ्या एका हातात पाना होता, दुसऱ्या हातात अर्धा सुटलेला रबरी पाइप, आणि ब्रेकचं तेल कोपरापर्यंत ओघळत होतं.

“गाडी पुसतंय, काकी. धूळ किती बसली हा बघ.”

“पूस, पूस. नीट पूस हां,” म्हणाली आणि आत गेली. तिला लांबचं कमी दिसतं, असं आम्ही घरात समजत होतो. सरूकाकीबद्दल आम्ही बरंच काही समजत होतो.

बाकीची मंडळी शेजारच्या गावी जत्रेला गेली होती. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले होते. काकी राहिली होती, कारण विधवा बाईला जत्रेला चल म्हणायचं आमच्याकडे कोणाला सुचतच नसे. त्यामुळे खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मी, गाडी आणि तुळस अशा तिघीच होतो, आणि हे काम असं कोणाच्या नजरेआडच उरकायला हवं होतं. आमच्या घरात त्या गाडीला पाना लावणं म्हणजे देवळातल्या मूर्तीचा हात पिरगाळण्यासारखं होतं.

गाडी दाजीकाकाची. दाजीकाका म्हणजे माझ्या वडिलांचा मधला भाऊ. बोटीवर होता. एका सुट्टीत त्याने ही जपानी मोटरसायकल बोटीतून मुंबईला आणि तिथून ट्रकमधून कुडाळजवळच्या आमच्या वाडीत आणली. लाल टाकी, आणि पुढच्या चाकाला चकतीचा ब्रेक. आपल्याकडच्या गाड्यांना तेव्हा वायरीचे ब्रेक असत. हिचा मात्र तेलावर चालायचा. मुठीतली लिव्हर दाबली की पाइपातून तेल खाली जाणार, चाकाजवळचा जबडा चकतीला धरणार, लिव्हर सोडली की तेल मागे येणार आणि जबडा सोडणार. बाबांचं हायवेवर गॅरेज होतं, पण असला ब्रेक त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला. काकाने ती गाडी दोन सुट्ट्या फिरवली. तिसऱ्या सुट्टीला तो आलाच नाही, तो वारल्याची तार आली.

तेराव्यानंतर आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, गाडी विकायला काढली. बेळगावचा एक माणूस बघायलाही आला. गाडी ढकलत नेताना बेड्यापाशी, म्हणजे खळ्याच्या फाटकापाशी, पुढचं चाक जे अडलं ते चार बाप्यांनी जोर लावूनही हललं नाही. तेवढ्यात बाबल राऊळ बोलला. राऊळ म्हणजे आमच्या देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस, त्याच्या शब्दाला वाडीत मान. तो म्हणाला, “दाजी घर सोडूक तयार नाय.” दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी एका हाताने ढकलत मागे आणली. आता याला काय म्हणायचं? बेळगावचा माणूस तर चहाही न पिता गेला.

आमच्या भागात देवाला कौल लावतात. पाषाणाला कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवसापासून आमच्या घराला एक दोन चाकांचा देवही मिळाला. घरातली कुठलीही मोठी गोष्ट असो, दाजीला विचारायचं. राऊळाने गाऱ्हाणं घालायचं, मग गाडी तुळशीपासून बेड्यापर्यंत ढकलायची. बेड्याबाहेर गेली तर उजवा कौल. चाक धरलं तर डावा. हँडल धरायचा मान सरूकाकीचा, नवरा तिचा म्हणून. हळदीकुंकवाला जिला कोणी बोलवत नसे तिला हा एक मान राऊळाने दिला होता. पण राऊळ पक्का नियमाचा माणूस. ढकलायला सुरुवात झाली की काकीचे दोन्ही तळवे हँडलवर उघडे हवेत, बोटं पसरलेली, म्हणजे माणसाचा हात मध्ये आला असं कोणी म्हणायला नको.

दाजीकाकाने बरेच कौल दिले. माझ्या चुलतभावाला मस्कतला जाऊ दिलं. माझी चुलतबहीण नंदी हिला वेंगुर्ल्याचं स्थळ आलं होतं, ते अडवलं. पुढे तो मुलगा दिवसाढवळ्या पिऊन गटारात सापडला, तेव्हापासून तर शेजारच्या वाडीतली माणसंही गाडीपुढे नारळ ठेवायला लागली.

मी मालवणच्या पॉलिटेक्निकात ऑटोमोबाइल शिकले. वर्गात एकटी मुलगी, आणि डोक्यात थोडा वारा शिरलेला. मला त्या चाकाचं कोडं कधीच सुटलं होतं. रबरी पाइप जुना झाला की आतून फुगतो. दाबून घातलेलं तेल पुढे जातं, मागे येत नाही. मग लिव्हर सोडली तरी जबडा चकतीला धरून बसतो, आणि हळूहळू झिरपून रात्रीपर्यंत कधीतरी सुटतो. दाजीकाका कुठला आलाय? स्टँडवरून गाडी काढताना काकी बिचारी घाबरून लिव्हर दाबत असणार. दाबली त्या दिवशी डावा कौल, नाही दाबली त्या दिवशी उजवा. इतकं साधं होतं ते.

एकदा बाबांना मी हे सांगितलं. ते कार्ब्युरेटर धूत होते.

“आबांच्या श्रद्धेत आपण पानो घालूचो नाय,” म्हणाले, आणि धूत राहिले. दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की ब्रेकचं तेल मात्र तेच आठवणीने भरत. मला वाटायचं, मेकॅनिकची सवय, दुसरं काय.

तर पुण्याच्या एका कारखान्याने मला नोकरीला बोलावलं, आणि आबा म्हणाले, “चेडवाक एकट्या पुण्याक धाडूचा म्हणजे लहान गोष्ट नाय. दाजीक इचारूया.”

वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त मार्क मिळवून मी ती नोकरी कमावली होती, आणि आता ती एका फुगलेल्या पाइपावर लटकली होती. काकीच्या हातून त्या दिवशी लिव्हर दाबली गेली तर मी जन्मभर बाबांच्या गॅरेजात पंक्चरं काढणार, नाहीतर वेंगुर्ल्याचं कुठलं तरी स्थळ माझ्यासाठी शोधलं जाणार. आबांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ते वाईट नव्हते हीच तर अडचण होती. भावाच्या आठवणीने त्यांच्या डोळ्यांत अजूनही पाणी यायचं. त्यांना खरोखर वाटायचं, दाजीला विचारल्याशिवाय पुतणीला धाडलं तर आपण त्याचे गुन्हेगार.

म्हणून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून, वर्गातल्या एका मुलाकरवी, मापाचा नवा पाइप बनवून आणवला. आणि जत्रेच्या दिवशी डोकं दुखवून घेतलं.

गाडीशी बसल्यावर मी आधी लिव्हर दोन-चारदा दाबली आणि सोडली. चाक घट्ट. मग खाली जबड्यावरचा छोटा निपल आठच्या पान्याने पाव फेरा सैल केला. अडकलेलं तेल पिचकन बाहेर आलं आणि चाक सुटलं. इतका आनंद मला परीक्षेत पास झाल्यावरही झाला नव्हता. जुना पाइप काढला. वरून कुळकुळीत, नव्यासारखा. एका बाजूने फुंकलं तर गाल दुखेपर्यंत जोर लावल्यावर हवा गेली, उलट बाजूने फुंकलं तर जातच नव्हती. तो मी मागच्या नारळाच्या सोडणांच्या ढिगात भिरकावला. नवा बसवला, तेल भरलं, निपल उघडून हवा काढली, चांगली तीन वेळा. लिव्हर दाबली, चाक थांबलं. सोडली, चाक फिरलं. देव आता माणसाळला होता.

सोमवारी सकाळी सगळे खळ्यात जमले. आबा खांद्यावर पंचा टाकून, राऊळ हातात नारळ घेऊन, बाबा मागे खांबाला टेकून. सरूकाकी डोक्यावरून पदर घेऊन हँडलजवळ. मी इतकी निर्धास्त होते की मनात पुण्याला न्यायच्या कपड्यांची बॅग भरत होते.

आबा खाकरले. “राऊळा, आधी एक दुसरा गाऱ्हाणा घालूक व्हया. तळ्याकडची कलमां.”

तळ्याकडची कलमं म्हणजे दाजीकाकाच्या वाटणीची आंब्याची बाग. हायवेला लागून. प्रत्येक झाड त्याने स्वतः लावलेलं, आणि तो गेल्यावर प्रत्येक झाडाला पाणी काकीने घातलेलं. मुंबईचा कोणी माणूस तिथे हॉटेल बांधायचं म्हणत होता. कागदावर काकीची सही लागणार होती, पण तिला विचारायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं. सही काय, सांगितली की ती करणारच. विचारायचं होतं ते दाजीला.

राऊळाने नारळ धरला. “बा दाजी म्हाराजा. आज ह्या घराचो थोरलो भाव तुझ्यापुढे उभो आसा. तळ्याकडची कलमां इकूची म्हणता हा. तुझी राजीखुशी आसात तर चाक सोड, नसात तर धर.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

गाऱ्हाणं चाललं होतं तेव्हा मी सहज काकीकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. उजवा हात पदराखाली, मुठीवर. आणि पदर हलत होता. हळूच, पण ठरल्यासारखा. आत बोटं आवळत होती, सोडत होती, पुन्हा आवळत होती. घाबरलेल्या बाईची बोटं अशी चालत नाहीत. गाईची धार काढताना चालतात तशी ती चालत होती.

म्हणजे काकी मुद्दाम दाबत होती.

“हात,” राऊळ म्हणाला. काकीने पदर मागे सारला, दोन्ही तळवे उघडे ठेवले, बोटं पसरली. आबांनी मागून ढकललं.

गाडी अशी सुटली की काकी जवळजवळ फरफटत गेली. चाक भिरभिरत बेड्याबाहेर.

“सोडल्यान,” आबा म्हणाले. “सोडल्यान रे दाजीन.”

काकीने हँडलवरून हात काढले आणि नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. उजवी मूठ मिटली, उघडली. पुन्हा मिटली. एखाद्याची वाचा जावी आणि त्याने ओठ चाचपून बघावेत तशी ती स्वतःची बोटं चाचपत होती. रडली नाही. कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. आबा नारळाचं पाणी शिंपडत होते.

“आता चेडवाचा घेवया,” राऊळ म्हणाला. “हाणा गाडी मागे.”

माझा होकार माझ्यापुढे वाढून ठेवला होता. तोंड मिटून उभं राहायचं, बस. आजही सांगते, एक क्षण मी तशी उभी राहिले. मग माझंच तोंड माझ्याशी विचार न करता बोललं.

“आबा, मी गाडयेचो पाइप बदललंय.”

“कसलो पाइप?”

“ब्रेकाचो. दाजीकाकाचो काढून नवो घातलंय. परवा.”

आबांच्या हातातली नारळाची कवड तिथेच थांबली. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण राऊळाला कळलं. त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, वाकून नवा पाइप बघितला आणि सरळ उभा राहिला.

“म्हणजे पाषाण बदललो,” तो म्हणाला.

“अरे, एक रबराचा तुकडो तो,” आबा म्हणाले. कलमं विकायचा कौल त्यांना मिळाला होता, तो परत द्यायची त्यांना घाई नव्हती.

“देवाचा बोट बदलला तरी पाषाण बदललोच. कौल बाद.” राऊळाने पंचा झटकला. “जुनो पाइप परत घालूचो. हळद लावन. येत्या सोमवारी परत इचारूया.”

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत जावं. बाबांनी मात्र पहिल्यांदाच खांबाचा टेका सोडला आणि गाडी मागे आणायला हात लावला.

संध्याकाळी मागीलदारी मी साबणाने हात चोळत होते. तेल कधीच गेलं होतं, तरी चोळत होते. सरूकाकी आली. पदरातून तिने जुना पाइप काढला, धुऊन पुसून ठेवलेला.

“सोडणांत गावलो. हो दाजीचो मां?”

“काकी,” मी म्हणाले, “तुका ठाऊक होता?”

ती पायरीवर बसली. “पयल्या दिवशी नव्हता ठाऊक. बेळगावकर इलो तेव्हा मी मूठ धरून उभी. गाडी चालली म्हणान रडूक इला, हात आवळलंय. गाडी थांबली. माका खराच वाटला, तोच थांबवता हा.” ती जराशी हसली. “मगे कोण नसताना दोन-चार वेळा दाबून बघितलंय. दरखेपेक थांबता. तेव्हा कळला.”

“आणि नंदीचा स्थळ?”

“थोरल्या भावजींका मी आधी तोंडान सांगलेलंय, तो पोरगो पिता म्हणान. माझ्या म्हायारचो तो, माका ठाऊक. म्हणाले, तुका काय कळता, तू गप रव. मगे गाडयेन सांगल्यान, तेव्हा आयकल्यानी.” तिने पाइप मांडीवर सरळ केला. “माका ह्या घरात कोण इचारता गो? गाडयेक इचारतत.”

मी तिच्या पायाशी बसले आणि रडले. लाज वाटली म्हणून रडले, आणि रागही आला होता, तिचाही आणि माझाही. इतकी वर्षं मी तिला बिचारी म्हणत आले होते. घरातले सगळे शहाणपणाचे कौल या बाईने दिले होते, उजव्या हाताने डावे, आणि मी नवा पाइप बसवून तिची जीभच कापली होती.

“रडा नको. बसवतंस मां परत?”

“बसवतंय.”

“पण एक घोळ आसा.” आता ती माझ्यासारखीच बोलायला लागली, गॅरेजातल्या माणसासारखी. “एकदा धरल्यान की रातपर्यंत सोडणा नाय. म्हणान होय म्हणूचा आसात ता मी पयल्यांदा घेवक सांगतंय, नाय म्हणूचा ता मागसून. ह्या खेपेक राऊळ आयकाचो नाय. कलमांचा पयला इचारलेला, तर ताच पयला, म्हणता हा.”

मला उमगलं. काकीने कलमांना नकार दिला की चाक धरणार, आणि धरलेल्या चाकावरच माझा प्रश्न येणार. एकाच दाबात दोघींचा निकाल.

तिने मांडीवरचा पाइप माझ्या हातात दिला. मग म्हणाली, “तू जा पुण्याक. मी दाबूचंय नाय. कलमां काय, जाऊंदेत. माझा आता रवला किती.”

हे बोलताना तिचा चेहरा असा होता की मला तो अजूनही बघवत नाही.

“तू दाब, काकी,” मी म्हणाले. “हात मोडासर दाब. माझा मी बघतंय.”

जुना पाइप मी सगळ्यांसमक्ष बसवला. आबा खुर्ची टाकून बसले होते, राऊळ हळद घेऊन उभा. हवा काढायला मी निपल उघडला तेव्हा राऊळाने विचारलं, हे काय. मी म्हटलं, आंघोळ. त्याला ते पटलं.

सोमवार आला. गाऱ्हाणं झालं. पदर हलला. तळवे उघडले. आबांनी ढकललं, गाडीने एक गचका खाल्ला आणि तुळशीपाशीच उभी राहिली. आबांनी खांदा लावला. बाबांना बोलावलं. बाबांनीही हात लावला, पण त्यांचा जोर गाडीला लागतच नव्हता हे मला दिसत होतं. चाक तसूभर हललं नाही.

“डावो,” राऊळ म्हणाला. “कलमां इकूची नाय.”

आबा मटकन खुर्चीत बसले. त्यांना वाईट वाटलं, पण भाऊ अजून घरात आहे याचं बरंही वाटलं असावं. पंच्याने डोळे पुसले. “त्याचीच कलमां. तो नाय म्हणता तर नाय.”

काकीने डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“आता चेडवाचा,” राऊळ म्हणाला. मग चाकाकडे बघितलं. “पण इचारूचा काय? चाक अजून धरून आसा. नाय म्हणजे नायच.”

“माझा गाऱ्हाणा तरी घाला,” मी म्हणाले. “आणि गाऱ्हाण्याआधी माका पाया पडूक देवा. काका तो माझो.”

त्याला कोण नाही म्हणणार? मी पाना कंबरेला खोचला होता. पदर नाही, ओढणी होती, त्यामुळे तो दिसू नये म्हणून सकाळपासून ओढणी सारखी करत होते. बाबांनी फुलांचं ताट माझ्यापुढे धरलं. जास्वंदीची मूठ उचलली तर बोटांना गार लोखंड लागलं. फुलांखाली आठचा पाना होता.

मी वर बघितलं. बाबा दुसरीकडे, माडाच्या शेंड्याकडे बघत होते. दर दसऱ्याला बाबा तेल का भरायचे, हे मला त्या क्षणी कळलं. आबा आणि राऊळ हे दोघे सोडले तर या घरात दाजीकाकाचं गुपित कोणाला ठाऊक नव्हतं?

मी चाकापुढे गुडघे टेकले, फुलं जबड्यावर वाहिली, कपाळ चकतीला टेकवलं आणि फुलांच्या आडून निपल पाव फेरा फिरवला. तेल पिचकन आलं, फुलांवरून ओघळलं, चाकाच्या काठावरून थेंब थेंब खाली पडायला लागलं. निपल परत आवळला आणि फुलांतच पाना ठेवून हात जोडून उठले.

“थांब,” आबा म्हणाले. ते खुर्चीतून उठून आले होते. त्यांनी वाकून बघितलं. एक थेंब पडला. आणखी एक. त्यांनी बोट लावलं, बोटाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहराच बदलला.

“राऊळा,” ते म्हणाले, “दाजी रडता हा.”

राऊळाने आयुष्यभर नाना कौल बघितले होते, पण हा त्याने बघितला नव्हता. त्याने गाऱ्हाणं घातलं, नेहमीपेक्षा हळू. “बा दाजी म्हाराजा. चेडू पुण्याक जाऊक निघाला हा...” काकीने तळवे उघडे ठेवले. आबांनी मागून हात लावला, नुसता लावला, आणि गाडी तुळशीपासून बेड्यापर्यंत, बेड्याबाहेर, रस्त्यापर्यंत गेली.

“उजवो,” राऊळ म्हणाला.

“रडता हा, पण धाडता हा,” आबा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. “जा गो बाय. जा. तो सोता धाडता हा तुका.” त्यांनी तेलाचं बोट कपाळाला लावलं, मग माझ्याही कपाळाला लावलं. ब्रेकच्या तेलाने रंग उडतो. चाकाच्या काठाचा लाल रंग तिथे पोपडे येऊन सुटला, आणि आबांच्या कपाळावर बरेच दिवस एक चट्टा होता, तो ते सगळ्यांना दाखवायचे. मला मात्र त्यांच्यावर हसता आलं नाही. घरातल्या एका माणसाने तरी मला मनापासून निरोप दिला होता, मग तो कोणाच्या का नावाने असेना.

कुडाळच्या एसटी स्टँडवर काकी आली होती. तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पिशवीत घातलं. मला वाटलं, खोबऱ्याच्या वड्या. उघडून बघितलं तर कोल्हापूरचा नवा पाइप.

“हो तुझो. ह्या घरात तेचा काम नाय,” ती म्हणाली. “थंय गाडी नसतली तुझ्या बाजून. तोंडान बोलाक शिक.”

“शिकतंय, काकी.”

गाडी सुटेपर्यंत ती खिडकीचा गज धरून उभी होती. कंडक्टरने बेल मारली तेव्हा तिने हात सोडले, दोन्ही तळवे उघडे करून, बोटं पसरून. मग आम्ही दोघीही रडता रडता हसलो.

तळ्याकडच्या कलमांचे आंबे तिने पुढे ती असेपर्यंत दर मे महिन्यात मला पाठवले.

पुण्याच्या कारखान्यात मला ब्रेकच्याच खात्यात घातलं. तयार झालेले पाइप मशीनवर चढवायचे, आत तेलाचा दाब द्यायचा, टिकतात की फुटतात ते बघायचं. काकीचं ऐकून मी पहिल्याच आठवड्यात साहेबांना तोंडाने सांगितलं की या खेपेचं रबर कच्चं आहे, पुढे फुगेल. साहेब भला माणूस होता. तो हसून म्हणाला, “अहो तेरसेबाई, तुम्ही नवीन आहात. आपण मशीनला विचारू.”

खात्यात सगळे मशीनजवळ गोळा झाले. माझा उजवा हात दाबाच्या मुठीवर होता.

“काय म्हणतंय मशीन?” साहेबांनी विचारलं.

मी मूठ आवळली, जरा जास्तच आवळली, पाइप फुटेपर्यंत.

“नाही म्हणतंय, साहेब,” मी म्हणाले. ती सगळी खेप त्याच दिवशी परत गेली.